पुस्तकं देतेस, तर वाचक बघून दे

पांढरकवडा, ता. केळापूर,
जि. यवतमाळ

प्रिय मैत्रिणीस,


तुझा निरोप मिळाला. काकूंच्या नावानं आपल्या वाचनालयाला पुस्तकं द्यायची म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. ‘चांगल्या शंभरेक पुस्तकांची यादी पाठव, निम्म्या कथा-कादंबऱ्या आणि निम्मी अभ्यासाची’ असं लिहिलंस, म्हणून लगेच वही घेऊन बसले. पण यादी काही पुढं सरकेना. एखादं नाव लिहायला जावं, तर ते पुस्तक मागणारं माणूसच डोळ्यांपुढं यायचं, आणि त्या माणसाला निम्मं-निम्मं हा हिशेब लागू पडायचा नाही. म्हणून यादीऐवजी हे लांबलचक पत्र लिहिते आहे. सवडीनं वाच.

इकडं सध्या कापसाची वेचणी चालू आहे. शाळेतली मोठी पोरंसुद्धा सकाळपासून वावरात असतात, त्यामुळं दुपार टळेपर्यंत वाचनालयात शुकशुकाट. गर्दी असते ती अभ्यासिकेत. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, राज्यसेवा, जिकडं जागा निघेल तिकडं अर्ज भरणारी मुलं-मुली. पाटणबोरी, करंजी, रुंझा, मोहदा, पहापळ अशा गावांहून येतात. काहींनी इथंच खोली केली आहे, एस.टी.नं घरून डबा येतो. आमच्याकडं सगळ्यांत झिजलेली पुस्तकं यांचीच. मो. रा. वाळंब्यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ची पुन्हा बांधणी करून घ्यावी लागली. रंजन कोळंब्यांची राज्यघटना आणि अर्थव्यवस्था, ग्रोव्हर-बेल्हेकरांचा आधुनिक भारताचा इतिहास, सवदींचा महाराष्ट्राचा भूगोल, आणि सहावी ते बारावीची पाठ्यपुस्तकं, जुन्या आणि नव्या दोन्ही अभ्यासक्रमांची. ही पुस्तकं कधी कपाटात दिसतच नाहीत, सदा कुणाच्या तरी पुढ्यात उघडी.

पण या पुस्तकांवर तू खर्च करू नकोस. चालू घडामोडींचं पुस्तक वर्षभरात शिळं होतं, बाकीच्यांच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. ती खरेदी आम्ही वर्गणीतून आणि अनुदानातून इथंच करतो. या मुलांसाठी मला तुझ्याकडून कादंबऱ्या हव्या आहेत. पहिली ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ सालची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर नोकरीला येतो. ओळखीचं कुणी नाही, शाळेत पोरं नाहीत, आणि हळूहळू वाडीची भांडणं, अर्ज, पैशांची कामं सगळी त्याच्याकडं यायला लागतात. आमच्या अभ्यासिकेतलाच कुणी उद्या तलाठी होऊन एखाद्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर जाईल. कलमं त्याला पाठ असतील. परक्या वस्तीत पाऊल कसं टाकायचं, हे त्याला या कादंबरीइतकं कुठल्या मार्गदर्शकात सापडणार? मागं एका मुलाला ती मुद्दाम हातात दिली, तर वाचून झाल्यावर माझ्याशी वाद घालायला आला. ‘मॅडम, मास्तरनं तालीम काहून बांधली? आधी पान्याचं पाहाचं होतं ना!’ त्याच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. दुष्काळानं ती वाडी ओस पडते, ते पान वाचल्यापासून त्याच्या डोक्यातून मास्तर जात नव्हता. अशा वाचकासाठी चार प्रती घे, एक पुरायची नाही.

दुसरी ‘कोसला’. तू म्हणशील, नेमाड्यांची ही १९६३ सालची कादंबरी आजच्या पोरांना कशाला? अगं, पुण्याला क्लास लावून, दोन-चार वर्षं खोलीत काढून, पैसे संपले म्हणून परत आलेली किती मुलं या तालुक्यात आहेत! खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला आणि तसाच गावी परतलेला पांडुरंग सांगवीकर त्यांना समजावून सांगावा लागत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ पुरते; ती आपोआप हातोहात जाते, तिची काळजी करायला नको.

शेतकरी वाचत नाहीत, असं शहरातली माणसं सहज बोलून जातात. आमची देवघेवीची वही वेगळंच सांगते. पावसाची झड लागली की आणि कापूस-तूर घरात आल्यावर फेब्रुवारी-मार्चात खेड्यांवरचे वाचक वाढतात. त्यांच्यासाठी ‘धग’ हवीच. उद्धव शेळक्यांनी १९६० साली लिहिली. नवरा साथ देत नाही आणि कौतिक एकटी मोलमजुरी करून संसार ओढते, त्याची गोष्ट. दहावीपर्यंत शिकलेली, आता मजुरीला जाणारी एक बाई आमच्याकडं येते. ती ‘धग’ वाचत असताना मी बघत होते. निवेदन चालू असलं की ती मुकाट्यानं वाचायची, आणि संवाद आला की तिचे ओठ हलायला लागायचे. संवाद वऱ्हाडीत आहेत ना! घरात बोलतो ती बोली छापलेल्या पानावर बघायची तिची ती पहिलीच वेळ होती.

‘धग’च्या शेजारी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ठेवायची. बुलढाणा जिल्ह्यातल्या या लेखकाला तिच्यासाठी २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकलेला आणि नोकरी न लागलेला एकनाथ, त्याची तुटत चाललेली शेती, माहेरी निघून गेलेली बायको. आणि याच कपाटात, अगदी याच फळीवर, अभ्यासाची म्हणून जी पुस्तकं वेगळी काढतात ती मला हवीत. महात्मा फुल्यांचा १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’ समग्र वाङ्मयात आहे आणि शासनाची ती आवृत्ती स्वस्तात मिळते. शरद जोशींचं लेखन. पी. साईनाथांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’. ‘बारोमास’ वाचून झालेला माणूस कापसाच्या भावाचं गणित विचारतो, हा माझा अनुभव आहे, आणि तेव्हा त्याला हात लांब करून पुढचं पुस्तक देता आलं पाहिजे. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गीकरणात ही दोन पुस्तकं दोन खोल्यांत जातात. वाचक मात्र एकच असतो.

आपल्या जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीव दिला, तो दिवस १९ मार्च १९८६. आज त्या दिवशी महाराष्ट्रभर कितीतरी लोक अन्नत्याग करतात. त्यानंतर या जिल्ह्यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. बसून, वर्षानुवर्षं एकाच घराशी संबंध ठेवून लिहिलेलं फार थोडं. जयदीप हर्डीकरांचं ‘रामराव’ हे त्या थोड्यांपैकी. कीटकनाशक पिऊनही वाचलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची ती हकिगत, २०२१ साली इंग्रजीत आली. इंग्रजी म्हणून वगळू नकोस. दोन प्रती दे. एक वाचनालयात राहील आणि दुसरी घेऊन मी संध्याकाळी बसेन, एकेक प्रकरण मराठीत सांगायला. ऐकणारे येतील, याची मला खात्री आहे.

एक मात्र मी ठामपणे सांगते. शेतकऱ्याला रोज उठून शेतकऱ्याचंच दुःख वाचायला देऊ नये. देणगी देणारे पुष्कळदा तसं करतात. आमच्या वाचकांना ‘मृत्युंजय’ हवा असतो, ‘पानिपत’ हवा असतो, सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आणि नारायण धारपांच्या भयकथा हव्या असतात. दिवसभर वखर धरलेल्या माणसाला रात्री कर्णाबरोबर कुरुक्षेत्रावर जावंसं वाटलं, तर तो त्याचा हक्क आहे. यांच्या जाडजूड आवृत्त्या घे, पण शिवलेल्या बांधणीच्या घे. नुसत्या चिकटवलेल्या वर्षभरात सुटतात.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘कृषी संवादिनी’ आम्ही दरवर्षी घेतो. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. त्यानंतर, फवारणीची काळजी सांगणारी साधी, चित्रांची पुस्तिका मिळेल तिथून मी गोळा करते. त्या पुस्तिका मजुरांच्या हातात जातात आणि परत येत नाहीत, याचं मला समाधानच आहे.

म्हाताऱ्या माणसांसाठी ‘ग्रामगीता’. तुकडोजी महाराजांची ही एक्केचाळीस अध्यायांची, ४,६७५ ओव्यांची ग्रामगीता वऱ्हाडात घरोघर आहे, मग वाचनालयात कशाला, असं तुला वाटेल. घरोघर आहे ती बारीक टायपातली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती दिसत नाही. मोठ्या अक्षरांची आवृत्ती शोधते आहे, पैसे त्यासाठी राखून ठेव.

आता दीक्षाभूमीचं सांगते. विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला इथून माणसं नागपूरला जातात, ती परत येतात पिशव्या भरून पुस्तकं घेऊन. १९५६ साली बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा दिली, आणि आज त्या दिवशी तिथं पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात तेवढे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी लागत असतील. शंभर रुपये रोजावर राबलेली माणसं तिथं दोनशेचं पुस्तक विकत घेतात. आमच्या सभासदांतले सगळ्यांत चोखंदळ वाचक याच घरांतले. शासनानं काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड ते क्रमांकानं मागतात. चांगदेव खैरमोड्यांच्या चरित्राचे बारा खंड आहेत. आमच्याकडं मधले काही नाहीत, आणि कुठले नाहीत हे एका निवृत्त एस.टी. वाहकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मधले खंड मिळवून दे, ते तुला कायम दुवा देतील. सोबत बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ आणि दया पवारांचं ‘बलुतं’ नव्या प्रतींत हवं; जुन्या प्रती हातात धरवत नाहीत इतक्या वाचल्या गेल्या आहेत.

बायकांचं थोडक्यात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ बचत गटाच्या बैठकीत मी वाचून दाखवते, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी येतं अशी ती वेळ असते. तिच्या मागोमाग अरुणा ढेरे यांची ‘विस्मृतिचित्रे’ द्यायची. विसरल्या गेलेल्या बायकांवरचं अभ्यासाचं पुस्तक आहे, पण वाचवतं. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा ढेरेबाई अध्यक्ष होत्या आणि उद्घाटन केलं ते आपल्या जिल्ह्यातल्या, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेत आणि घर सांभाळणाऱ्या वैशाली येडे यांनी. तो दिवस इकडच्या बायका अजून विसरलेल्या नाहीत. आशा बगे, ऊर्मिला पवार, कविता महाजन यांची पुस्तकं घे. निवड तुझ्यावर सोपवते, तुझी आवड मला माहीत आहे.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं, तिथं येते.

केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव हा गोंड, कोलाम, परधान लोकांचा मुलूख. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय पांढरकवड्यातच आहे, वसतिगृहं आहेत, आश्रमशाळा आहेत. आणि या माणसांवर केवढं लिहिलं गेलं आहे! रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ साली निघाले. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. कोमाराम भीम यांचा उठाव निजामी राजवटीनं १९४० मध्ये चिरडला, त्यानंतर ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ तिथं गोंडांमध्ये जाऊन राहिले आणि १९४८ साली त्यांनी राजगोंडांवर मोठा ग्रंथ छापला. आपल्या इथल्या गोंडांचे सोयरेधायरे तिकडं आहेत. म्हणजे एका अर्थानं तो ग्रंथ यांच्याच गणगोताचा आहे. आणि कोलामी भाषा? मरे एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांकडून ती टिपून घेतली आणि १९५५ साली तिचं व्याकरण आणि शब्दसंग्रह असलेलं पुस्तक कॅलिफोर्निया विद्यापीठानं काढलं. हे एमेनो शिकवायचे कुठं, सांगू? तुझ्या अमेरिकेतल्या घरापासून तासाभरावर, बर्कलीत. तिथला भाषाविज्ञानाचा विभाग त्यांनीच उभा केला. २००५ साली, १०१ वर्षांचे होऊन ते वारले.

यातलं एकही पुस्तक आमच्या वाचनालयात नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या तालुक्यात ते पोचलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नागपूरच्या एका प्राध्यापकांनी एमेनोंच्या शब्दसंग्रहाच्या काही पानांच्या झेरॉक्स मला दिल्या होत्या. वसतिगृहात राहणारी बारावीची एक कोलाम मुलगी आमच्याकडं येते, तिच्यापुढं मी ती पानं ठेवली. लिपी रोमन, अक्षरांवर-खाली खुणा. तिला वाचता येईनात, म्हणून मी अडखळत एकेक शब्द उच्चारायला लागले. सुरुवातीला ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, ‘थांबा, असं नाही.’ आणि नीट उच्चारून दाखवलं. पुढच्या शब्दाला पुन्हा तेच. काही शब्द जसेच्या तसे जुळले, तेव्हा ती दोन्ही हात तोंडावर ठेवून हसली; काही शब्दांना म्हणाली, ‘हे आमच्या पोडावर म्हणत नाहीत, तिकडं वर्ध्याकडं म्हणत असतील.’ तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि समासात देवनागरीत आपला शब्द लिहायला सुरुवात केली. पानं संपेपर्यंत उठली नाही. शेवटी विचारलं, ‘हे त्या साहेबाला सांगितलं कोणी?’ तिला त्या माणसाचं नाव हवं होतं. माझ्याजवळच्या पानांत ते नव्हतं.

अशा मुलीसाठी पुस्तकं निवडायची म्हणजे काय करायचं, ते मी तेव्हापासून शोधते आहे. आतून लिहिणारे लेखक आधी हवेत. व्यंकटेश आत्रामांचं ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’, विनायक तुमरामांचा ‘गोंडवन पेटले आहे’, भुजंग मेश्रामांचा ‘उलगुलान’, उषाकिरण आत्रामांच्या कविता. मेश्राम तर आपल्या जिल्ह्यातले. सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत आदिलाबादला होते, तिथं त्यांनी गोंडी शिकून घेतली. त्यांचं ‘जीवनसेतू’ हे आत्मचरित्र अधिकारी होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलानं वाचावं असं आहे. गोविंद गारे यांची आदिवासी जमातींवरची पुस्तकं संदर्भाला. आणि मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावानं सामूहिक वनहक्क कसा मिळवला त्याची. २००६ चा वनहक्क कायदा आमच्याकडं मूळ मसुद्यासह आहे, पण तो उघडून पाहणारे थोडे. बोकिलांचं पुस्तक नेणारे परत येऊन कायदा मागतात. आपल्या तालुक्यातली कितीतरी गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, ग्रामसभेला पेसा कायद्याचे अधिकार आहेत. ही पुस्तकं तिथं नुसती वाचायला म्हणून जात नाहीत, बैठकीत उघडून ठेवायला जातात.

रसेल-हिरालाल घ्यायचे, पण ते खंड मी एकटे देणार नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, आणि ती नजर त्या काळच्या लिखाणात जागोजाग आहे. एखाद्या बंजारा किंवा पारधी मुलाला आपल्या आजोबांबद्दलचं तसलं पान वाचायला मिळणार असेल, तर त्याच्या दुसऱ्या हातात आत्माराम राठोडांचं ‘तांडा’, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ असलंच पाहिजे.

लहान मुलांचंही इथंच सांगते. पोडावरचं लेकरू पहिलीत येतं तेव्हा त्याला मराठी पुरती समजत नसते. त्याच्यापुढं शब्दांनी भरलेलं पान ठेवलं की ते बिचारं गप्प होतं. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘चित्रवाचन’ मी एका अंगणवाडीत नेलं होतं. नुसती चित्रं. पोरं कोलामीत, गोंडीत, तेलुगूत बोलायला लागली, एकमेकांच्या अंगावर पडून दाखवायला लागली. त्या पुस्तकाच्या जितक्या देशील तितक्या प्रती कमीच. थोड्या मोठ्यांना ‘राधाचं घर’, आणखी मोठ्यांना भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, विज्ञानाची गोडी लागलेल्यांना जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ आणि ‘आकाशाशी जडले नाते’. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले, त्यानंतर त्यांच्या पुस्तकांना मागणी वाढली आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये मारुती चितमपल्लीही गेले. टिपेश्वर अभयारण्यात पर्यटकांना फिरवणारे सुन्ना गेटवरचे तरुण वाटाडे त्यांचं ‘रानवाटा’ आणि ‘पक्षिकोश’ मागतात. या मुलांना माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ही द्यायचं, नागझिऱ्यातल्या वानरांच्या टोळ्यांचं. टिपेश्वरात जन्मलेला एक तरणा वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि ३,००० किलोमीटरच्या वर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, ते तुला आठवत असेल. त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ ला, राळेगावच्या बाजूला अवनी वाघीण मारली गेली. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. ज्यांच्या घरची माणसं गेली आणि ज्यांचं पोट वाघ दाखवण्यावर चालतं, ती दोन्ही इथं शेजारी राहतात. जिम कॉर्बेटच्या नरभक्षकांच्या कथा मराठीत आहेत. त्या दोघंही नेतात.

आता व्यवहाराचं बोलू. तिकडून खोकी पाठवू नकोस. एका मोठ्या शहरातून मागं अशी खोकी आली होती. जुनी गाइडं, कालबाह्य झालेली संगणकाची पुस्तकं, पानं गळालेल्या इंग्रजी रहस्यकथा. ती ठेवायला जागा गेली आणि वाचायला कुणी आलं नाही. पैसे वाचनालयाच्या खात्यावर भर, पावती लगेच देते. पुस्तकं मी नागपूरहून आणेन, सार्वजनिक वाचनालयाला विक्रेते सवलत देतात. शासनाची पुस्तकं शासकीय ग्रंथागारातून. काकूंच्या नावाचा शिक्का प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर. आणि सगळी रक्कम एकदम संपवायची नाही. तिसरा हिस्सा राखून ठेवू, वाचकांनी मागितलेल्या पुस्तकांसाठी. मागणीची वही टेबलावर ठेवलीच आहे.

एक काम मात्र पैशांनी होणार नाही, ते तुलाच करायचं आहे. बर्कलीच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा. एमेनोंचं कोलामीवरचं पुस्तक काढ, हायमेनडॉर्फ काढ. जुन्या बाजारात त्यांच्या प्रती मिळतात का बघ, नाहीतर रीतसर परवानगी घेऊन आपल्या वाचनालयासाठी नक्कल करून मिळेल का ते विचार. एमेनोंच्या हस्तलिखित टिपणवह्या कुठं ठेवल्या आहेत, याचीही तिथल्या ग्रंथपालांकडं चौकशी कर, आणि वह्या बघायला मिळाल्या तर सांगणाऱ्यांची नावं, गावं त्यांत आहेत का, ते नीट पाहून मला लिही. मुलीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. नंतर ती पोडावर जाईल, त्याआधी तिला सांगता आलं तर बरं.

घरात सगळ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मैत्रीण

ता. क. दिवाळी अंकांची योजना यंदाही चालू आहे, वर्गणी भरली की महिनोन् महिने अंक घरोघर फिरतात. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचं हे वेड इकडं खेड्यांतही टिकून आहे. तुझ्या नावानं वर्गणी भरली आहे. जानेवारीत येणार असशील तर कळव, म्हणजे चार चांगले अंक फिरतीतून काढून ठेवते.